आजारी डिस्कवरचा आवाज

भरदुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आज स्वतःच्याच मशीनच्या डब्यापुढे बसला. डब्यात दोन डिस्क, एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही उमटायचं. "एक गेली तरी दुसरी सांभाळते," असं तो गिऱ्हाइकांना ऐटीत सांगायचा. बायको गेली आणि हे वाक्य त्याच्या तोंडून निघेनासं झालं.

खालच्या डिस्कचा दिवा लाल झाला होता. एरवी काम साधं. आजारी डिस्क काढायची, नवी बसवायची, निरोगी डिस्कवरून सगळं तिच्यावर उतरू द्यायचं. नवी उद्या येणार होती. पण एक रेकॉर्डिंग दोन्हींवर जुळत नव्हतं. नेमकं तिचं, शेवटच्या आजारपणात फोनवर केलेलं.

निरोगी प्रत लावली. "पुरे की आता, माझं काय रेकॉर्ड करताय!" ती हसली, खोकली, संपलं.

आजारी प्रत लावली. तेच हसू, तोच खोकला. मग डिस्कची कट्... कट्... आणि अगदी हळू, "अहो... हात फार भाजला का?"

हात आज सकाळी भाजला होता, दूध उतरवताना. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

"नाही गं, थोडासाच," तो म्हणाला आणि ढसाढसा रडला.

पुन्हा लावलं, तर आवाज पुसट. मरती डिस्क दर वाचनाला झिजते, उद्यापर्यंत ही टिकणार नव्हती. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात. पण ते शहाणपण काय चाटायचंय? नवशिकाही करणार नाही ते त्याने केलं. आजारी डिस्क खरी ठरवून तिच्यावरचं सगळं निरोगी डिस्कवर, तिथलं जुनं पुसत, उतरवायला लावलं.

मागच्या खोलीतून ताई ताट घेऊन आली. "जेवून घे रे. किती दिवस तिला धरून ठेवशील?"

"झालंच, ताई..."

कट् कट् थांबली. त्याने रेकॉर्डिंग लावलं. हसू नाही, खोकला नाही. दोन्हींवर सारखीच शांतता. उरली होती तेवढी तीही त्याने आपल्या हाताने पुसली होती. त्याने टेबलावर डोकं टेकलं.

तेवढ्यात स्पीकरमधून पुरुषाचा आवाज आला. त्याचाच. "नाही गं, थोडासाच."

या मशीनला माइक कधीच नव्हता.

रेकॉर्डिंग पुढे सरकलं. पुन्हा तोच आवाज, आता निवांत. "थांब... आलोच मी."

हे तो कधीच बोलला नव्हता.

तो आवाज ऐकून ताई ताट घेऊन दारातच थांबली. "कुठे निघालास रे?"