टेकडीला वळसा घालणारं पातं

कपाट उघडलं आणि नकाशाघराच्या बाईंचा हात हवेतच राहिला. खाणपट्ट्याच्या पन्नास वर्षं जुन्या नकाशाला तळहाताएवढं भोक!

बाहेर बाकावर एक आजी त्याच नकाशासाठी बसल्या होत्या. खाण खचली तेव्हा त्यांचा नवरा आतच राहिला. उद्या ती जमीन सपाट होणार. त्याआधी तो आहे तिथे वर एक दगड रोवायचा, एवढंच त्यांचं मागणं.

कुलूप शाबूत. किल्ली इतकी खाष्ट, की दोन शिव्या हासडल्याशिवाय फिरायची नाही. ती फिरवण्याची विद्या दोघांनाच अवगत: बाईंना आणि त्यांना काम शिकवलेल्या निवृत्त नकाशाकाराला.

बाईंनी भिंग लावलं. कापणाऱ्याचं पातं टेकडीच्या उंचीच्या रेषेवरून वळत गेलं होतं. एकही रेषा तुटलेली नव्हती.

ते निवृत्त गुरुजी नेहमीप्रमाणे शेजारच्या खोलीत चहाला आले होते. चहा तसाच होता.

"गुरुजी, नकाशा कुणीतरी कापलाय."

"उंदीर असतील."

"टेकडीला वळसा घालून कुरतडणारे? रेषा तोडली की बोटांवर पट्टी मारायचात तुम्ही. द्या तो तुकडा."

चष्म्याच्या घरातून तुकडा निघाला. त्यावर एक शेत, खालून जाणारा बोगदा, आणि पेन्सिलीत बारीक: 'पीक उभं. अंतर नजरेनं.'

"म्हणजे मोजणीची साखळी टाकून मोजलंच नाहीत," बाई हळूच म्हणाल्या. "पीक निघाल्यावर मोजणार होतात. त्याआधीच खाण खचली आणि अडकलेल्यांना काढायला लोक या रेषेवर खणत राहिले. किती चुकलं होतं?"

"चाळीस पावलं. नंतर मोजलं मी. तीन दिवस आतून ठोकल्याचा आवाज येत होता, पोरी."

"आणि आज लाज झाकायला कापलंत?"

"माझी लाज सहीसकट नकाशाच्या कोपऱ्यात आहे, ती कापली का? कणसं भरलीत, तुडवू नका म्हणून हात कुणी जोडले होते, माहीत आहे?" त्यांनी दारातून बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. "तिला ते वाचू द्यायचं नव्हतं."

बाईंनी तुकडा मुठीत मिटला आणि बाहेर गेल्या.

"आजी, मोजणाऱ्यानं आळस केला होता. खरी जागा चाळीस पावलं पुढे आहे."

"आळस नाही, बाई. मीच अडवलं होतं त्यांना." आजींनी दारातल्या गुरुजींकडे पाहिलं. "ठोकणं थांबलं, त्या दिवशीच मला कळलं, कुठे चुकलं ते."

आजींनी पुढे होऊन गुरुजींचा दंड धरला.

"चला, साखळी घ्या. आता शेतात काही उभं नाही."