तांडेलाचा शेवटचा शब्द

बंदराच्या कचेरीत वरच्या मजल्यावर एक बाई जुने दर्यावर्दी शब्द गोळा करायच्या. बाई मोठ्या खमक्या. भुताच्या गोष्टी निघाल्या की जांभई द्यायच्या. एका कार्डावर एक शब्द, खाली अर्थ, आणि कार्ड खोक्यात. बस्स.

शब्द पुरवायचा एक म्हातारा तांडेल, जन्मभर बोटीवर खलाशांचा म्होरक्या राहिलेला. रोज दहाला यायचा आणि समुद्राकडच्या खिडकीकडे पाठ करून बसायचा.

"लिहा बाई! आचाऱ्याला आम्ही धूरमामा म्हणायचो. आणि पहिल्याच दिवशी ओकणाऱ्याला नवरदेव!"

बाई पोट धरून हसायच्या. त्याच्यामुळेच तर अर्धा कोश भरला होता.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सहज विचारलं, "आजोबा, तो धूरमामा स्वयंपाक कसा करायचा हो?"

"कोण मामा?" म्हातारा म्हणाला. "मला मामाच नव्हता."

वय झालं, दुसरं काय! पण मग त्याचं शीड गेलं, डोलकाठी गेली, सुकाणू गेलं. जे कार्डावर चढे, ते त्याच्या डोक्यातून उतरे. शेवटी बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आजपासून बंद. तुमचं सगळं पुसलं जातंय."

"अहो, म्हणून तर येतो!" तो म्हणाला. "आता एकच राहिलाय. तेवढा घ्या, उपकार होतील."

"कसला शब्द?"

"माणूस पाण्यात पडला आणि बोट वळवता येत नसली, की आम्ही बोटीवरून तो शब्द ओरडायचा. म्हणजे पाण्यातला समजतो, आता कुणी येणार नाही. हातपाय मारायचं थांबवतो." म्हाताऱ्यानं ओठ पुसले. "मी एकदाच ओरडलो. धाकट्या भावासाठी. तेव्हापासून तो मला हाका मारतोय. चाळीस वर्षं डोळ्याला डोळा नाही, बाई."

त्यानं पेन उचलून बाईंच्या पुढे धरलं. बाईंना नाही म्हणवेना.

त्यानं शब्द सांगितला. बाईंनी लिहिला.

म्हातारा खुर्चीतच झोपला. तान्ह्या लेकरासारखा, पार दुपारपर्यंत.

उठला तो खिडकीशी गेला. "अबब! केवढं हे पाणी!"

"समुद्र आहे, आजोबा."

"छान आहे हो." त्यानं हात जोडले. "तुम्ही काय केलंत कोण जाणे. पण जीव कसा हलका झालाय. सुखी राहा."

बाईंचे डोळे भरून आले.

तो शीळ घालत जिना उतरला.

बाईंनी खोकं बंद केलं.

पाण्याकडून हाक आली.

कोवळा, दमलेला आवाज. राग नव्हता त्यात. उलट, कुणीतरी अखेर सापडल्याचा आनंद होता.

आणि हाक होती बाईंच्या लाडाच्या नावानं. आईनं ठेवलेल्या. आईमागे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.