कोपऱ्यातलं सुटं तांबं

मार्चमधली दुपार होती. शहराच्या वाडी भागातल्या घरात निरुपमा गुप्ते झोपाळ्यावर डोळे मिटून पडल्या होत्या. विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यापासून त्या लोकांची कोडी सोडवत. विचार करताना त्या झोपल्यासारख्या दिसत. पती हेरंबरावांना ती झोपच वाटे, आणि चाळीस वर्षांत त्यांनी हे मत बदललं नव्हतं.

कडुनिंबाच्या फुलांच्या वासाने अख्खी पोळ, ती अरुंद गल्ली, पेंगत होती. तेवढ्यात निरुपमाबाईंची जुनी विद्यार्थिनी मोहना दारात आली.

“बाई, मालकांनी पाचपर्यंत राजीनामा मागितलाय. अकरा वर्षांची नोकरी!”

मकरपुऱ्यात दिघ्यांच्या कारखान्यात ती सर्किट बोर्ड आखायची. नवजात बाळाचा ताप बिनतारी संदेशाने नर्सच्या टेबलावर पोचवणारं यंत्र तिथे बनायचं. पहिली खेप झकास चालली. दुसऱ्या खेपेतल्या एकाही बोर्डाचा संदेश भिंतीपलीकडे जाईना.

“सगळे म्हणतात, माझ्या तांबं भरायच्या खोडीने झालं.”

“कसली खोड?” हेरंबरावांनी विचारलं.

“बोर्डाला चार थर असतात, काका. तारांच्या थरांवर उरलेल्या जागेत मी तांबं भरते आणि बारीक छिद्रांच्या रांगांनी ते ग्राउंडच्या थराला बांधते. सुटं कधीच ठेवत नाही. फक्त अँटेनाचा कोपरा सगळ्या थरांवर मोकळा सोडते. तिथे तांबं आलं की संदेश गुदमरतो. माझ्या फाइलमध्ये तो मोकळाच आहे. पण ती मी मागाहून बदलली म्हणतात.”

मोहनाने आणलेला दोन्ही खेपांचा एकेक बोर्ड निरुपमाबाईंनी टेबलावर ठेवला. जुना डुगडुगला. नवा सपाट बसला.

“जुने वाकतात, हे माहीत होतं?”

“नाही! मला कुणीच बोललं नाही.”

मग त्यांनी बोर्ड खिडकीशी धरले. जुन्याच्या कोपऱ्यातून तळ्याच्या तळाशी असावा तसा हिरवा उजेड त्यांच्या तळहातावर उतरला. तिघंही जरा वेळ तो बघतच राहिली. नव्याच्या कोपऱ्यात मात्र काळा चौकोन होता, त्याला एकही छिद्र नव्हतं.

“स्कूटर काढा,” बाई म्हणाल्या.

बोर्ड छापणारे विक्रमसिंह गुजराती. आपल्या छापखान्यात ते चहा पाजल्याशिवाय बोलेनात.

“अमे तो जे फाइल येते तेच छापतो, बेन. स्वतःचं डोकं नाही चालवत. आता सपाट बसतात ने?”

“बसतात,” बाई म्हणाल्या.

तिथून ते दिघ्यांच्या कारखान्यात गेले. मालकांचा मुलगा कुणाल तिथला जोडणी विभाग बघायचा. हे काम त्याला मोहनानेच शिकवलं होतं.

“पहिले बोर्ड वाकायचे, आम्ही दाबून स्क्रू लावायचो. कुणाकडे तक्रार नाही केली. विक्रमसिंहभाईंशी तर वर्षभर बोलणंच नाही.”

“माणूस सरळ आहे,” बाहेर आल्यावर हेरंबराव म्हणाले.

पावणेपाचला विक्रमसिंहांसकट सगळे मालकांच्या केबिनमध्ये जमले. मालक दत्तात्रेय दिघे हातावरचं घड्याळ बघत होते.

“कोपऱ्यातलं तांबं मोहनाचं नाही,” बाईंनी सुरुवात केली. “तिचा तुकडा छिद्रांनी बांधलेला असतो, हा सुटा आहे. म्हणजे तो दुसऱ्या कुणी भरला. कशासाठी? मोकळ्या कोपऱ्यामुळे तांब्याचा तोल जाऊन बोर्ड वाकत होता. तांबं भरलं आणि तो सपाट झाला. कुणाला बिघाड करायचा नव्हताच, उपकारच करायचा होता. हे छापणाऱ्यालाच सुचेल.”

विक्रमसिंहांनी मान खाली घातली.

“पण बोर्ड वाकतो हे त्यांना कळलं कसं? छापल्यावर ते परत त्यांच्याकडे येत नाहीत. मोहनाला वाकल्याचा पत्ता नव्हता. ठाऊक होतं फक्त जोडणीवाल्यांना. तरी विक्रमसिंहभाईंनी मला आपणहून विचारलं, आता सपाट बसतात ना? कुणाल, वर्षभर बोलणं नाही म्हणालास.”

“कुणालभाईनो फोन हतो,” विक्रमसिंह पुटपुटले. “सरळ करून द्या, म्हणाले. मोटा घराक, मोठ्या गिऱ्हाइकाचा मुलगा, म्हणून मघाशी बोललो नाही.”

दिघे मुलाकडे वळले.

“मला खरंच माहीत नव्हतं ते काय करतील,” कुणाल म्हणाला. “खेप नापास झाली तेव्हा कळलं. आणि मग भीती वाटली. मोहनाताई, तुम्हाला कुठेही नोकरी मिळेल. वाटलं, तुम्ही राजीनाम्यावर सही कराल आणि बाबा चार दिवसांत विसरतील.”

मोहनाने त्याच्याकडे पाहिलं. तिला रागापेक्षा वाईटच जास्त वाटत होतं.

“बाबा विसरले असते रे,” ती म्हणाली. “पण मी जन्मभर स्वतःची चूक शोधत बसले असते.”