चौथा बोल्ट

मामा दुसऱ्या दिवशी कायमचे मुलाकडे परदेशी निघाले होते. त्याआधी त्यांना आपली बंद पडलेली जुनी गाडी एकदा स्वतः चालवायची होती. गाड्या दुरुस्त करायचं हे काम मला त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती.

घोळ मात्र मीच घातला. इंजिनामागची पातळ चकती, फ्लेक्सप्लेट, तडकली होती, नवी मिळाली. तिला गिअरबॉक्सकडचा भोपळ्याएवढा टॉर्क कन्व्हर्टर चार बोल्टांनी जोडतात. पण या गाडीत एक भोक कारखान्यातच काडीभर सरकवलेलं, म्हणून जोडी एकाच बाजूने जुळते. त्या बाजूला मी खडूने खूण करून ठेवली आणि मग मोठ्या हौसेने कन्व्हर्टर खुणेसकट धुऊन काढला. वीस वर्षं हात काळे करून हे शहाणपण. समोरचा वेल्डर म्हणाला, कानशीने भोक मोठं कर. मी त्याला कोपरापासून हात जोडले. अशी चकती कधी फुटेल याचा नेम नसतो.

दुपारी गाडीखाली शिरले. खालच्या झरोक्यातून एका वेळी एकच भोक दिसतं. मामा पुढून पान्याने इंजिन फिरवणार, मी खालून सांगणार. दोन बाजू लावून पाहिल्या. दोन्ही वेळा चौथं भोक अडलं. तिसरी बाजू धरून "फिरवा" म्हटलं. चकती फिरली.

"बस," मी म्हटलं. ती थांबली नाही. सावकाश आणखी बोटभर सरकली, मग थांबली. मामांना कमी ऐकू येतं, पण इतकं? माझा पारा चढला. तेवढ्यात दाराकडून त्यांचा आवाज आला.

"चहा आणलाय गं. आधी पी, मग फिरवतो."

मी मान वळवली. दारात मामांच्या चपला दिसत होत्या. गाडीपुढे कुणाचेच पाय नव्हते.

इंजिनात दाब उरला असेल, त्यानेच फिरलं असेल, असं मनाला सांगितलं. पण प्लग तर मीच सकाळी काढून ठेवले होते. दाब उरणार कुठून?

झरोक्यात भोकावर भोक होतं. बोल्ट बोटांनी आत गेला.

चकती पाव फेरा फिरली. दुसरा गेला.

मी काहीच बोलले नव्हते.

तिसरा.

चौथं भोक समोर आलं, गोल, मोकळं. बोल्ट शेवटपर्यंत गेला आणि माझी भीती कुठल्या कुठे पळाली. "बसलं, मामा, बसलं!" ओरडतच मी बाहेर आले.

तासाभरात प्लग लावून मामा स्टिअरिंगवर होते. गिअर कधी पडला तेही कळेना. काचा उघड्या, रस्ता मोकळा, आणि ऐंशीला टेकलेला माणूस ताठ बसून चक्क शीळ घालत होता. वेल्डर काम टाकून बघत राहिला. मी त्याला मुद्दाम हात केला. स्वतःवर इतकी खूश मी कधीच झाले नव्हते.

मामांना घरी सोडून गाडी घेऊन गॅरेजवर परतले तेव्हा आठवलं. चारही बोल्ट मी नुसते बोटांनी लावले होते. पाना लावायचाच राहिला होता. मामांनी गाडी केवढी पळवली होती.

तशीच खाली शिरले, आणि स्क्रूड्रायव्हरने चकती ढकलत एकेक बोल्ट पाहिला. चारही करकचून आवळलेले होते. बोल्ट आवळला की आम्ही त्यावर रंगाची रेघ ओढतो, पुढच्याला कळावं म्हणून. चारही बोल्टांवर रेघ होती. मी पांढरी ओढते. ही निळी होती, अजून ओली, आणि माझ्या बोटाला लागली.