कुमुदताईंच्या हरवलेल्या कॅलरी

सोलापूरच्या चयापचय संशोधन केंद्रातल्या व्यायामशाळेत चार प्रकारची यंत्रं होती आणि चौघांची बढाया मारण्यात चढाओढ चालायची. तासभर घाम गाळला की ट्रेडमिल सांगायची, सहाशे कॅलरी जाळल्या. वल्ह्याचं यंत्र साडेपाचशे म्हणायचं, चढणयंत्र पाचशे. बैठी सायकल बिचारी साडेतीनशेच्या पुढे सरकायचीच नाही. कुमुद बिराजदारांच्या वाट्याला ही सायकल आली होती, कारण त्यांचे गुडघे दुखत. ट्रेडमिलवर त्यांचे यजमान मल्लिनाथराव पळत.

दोघंही इथं हौसेनं आले नव्हते. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, अन्विताचं, यकृत निकामी होत चाललं होतं. आईच्या किंवा वडलांच्या यकृताचा तुकडा तिला लावता आला असता. रक्तगट दोघांचेही जुळत होते. पण दोघांच्याही यकृतात चरबी होती, आणि त्याहून वाईट म्हणजे दाह होता. असं धुमसणारं यकृत मुलीला लावून काय उपयोग? तीन महिन्यांत दोघांपैकी एकाचं तरी ताळ्यावर यायला हवं होतं. त्यापुढे थांबायला अन्विताला वेळ नव्हता.

केंद्रात एक काचेची बंदिस्त खोली होती, ऊर्जाकक्ष. तिच्यात माणसाला दिवसभर ठेवायचं, किती प्राणवायू आत गेला आणि किती कर्बवायू बाहेर आला ते मोजायचं, की त्या माणसानं दिवसभरात एकूण किती ऊर्जा जाळली हे नेमकं कळायचं. ही खोली डॉ. उत्तरा कस्तुरे यांची. यकृततज्ज्ञ डॉ. इरफान नदाफ हे त्यांचे कॉलेजपासूनचे मित्र. पहिल्याच दिवशी इरफाननं उत्तराला विचारलं होतं, "मग ही यंत्रं काय खोटं बोलतात?"

"अर्धं खरं बोलतात," उत्तरा म्हणाली. "सायकलवर साडेतीनशे जळतात, कबूल. पण दिवसाची बेरीज केली की आकडा जवळजवळ व्यायामाआधीचाच येतो. सुरुवातीचे काही दिवस वाढतो, मग बसतो जागेवर. शरीर दुसरीकडे कुठंतरी हात आखडतं आणि भरपाई करून घेतं. ट्रेडमिल घे नाहीतर वल्हं घे, गत तीच."

"म्हणजे माणसानं घाम गाळायचा आणि शरीरानं चोरी करायची."

"चोरीच की. आणि तो चोर मी पकडलाय."

चोर पकडणाऱ्या औषधाला तिनं नाव दिलं होतं रोधिका. मेंदूकडून शरीराला जाणारा काटकसरीचा निरोप ही गोळी अडवत असे. मग यंत्रावरच्या कॅलरी खरोखरच खर्ची पडत आणि वजन उतरे. चाचणीत निम्म्या लोकांना रोधिका होती, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कुणाला कुठली, हे उत्तरालाही ठाऊक नव्हतं. पण महिना उलटला आणि ते ओळखायला डॉक्टर असायची गरज उरली नाही. मल्लिनाथरावांच्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. कुमुदताईंचा काटा जागचा हलेना.

"कुमुद, सायकल चालवतेस का नुसती घंटी वाजवतेस?" मल्लिनाथराव ट्रेडमिलवरून ओरडत. माणूस वाईट नव्हता. मुलगी आपल्यामुळे वाचणार या आनंदात त्यांची जीभ जरा सैल सुटली होती, इतकंच. कुमुदताई सुरुवातीला हसायच्या. नंतर त्या फक्त समोरच्या आकड्याकडे बघत पाय मारू लागल्या.

एके दिवशी त्या उत्तराच्या खोलीत आल्या. "मॅडम, यांना जी गोळी लागू पडली ती मला द्या. नियमबियम असतील तुमचे. पण द्या."

"तसं करता येत नाही, कुमुदताई. खरं सांगा, घरी गेल्यावर आडव्या पडता का? दमल्यामुळे माणसाची हालचाल नकळत कमी होते."

"घरी कोण आडवं पडतंय, मॅडम? भाकऱ्या कोण थापणार? पोरीचं पथ्यपाणी कोण बघणार?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "माझ्या लेकीसाठी मी आळस करीन, असं वाटतं तुम्हाला?"

उत्तराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी तिनं गोळ्यांचं कपाट उघडलं, चाचणीबाहेर राखून ठेवलेला रोधिकेचा डबा हातात घेतला आणि बऱ्याच वेळानं परत ठेवला.

तीन महिने संपत आले. यकृतात सुई घालून तुकडा काढायची तपासणी त्रासाची असते, म्हणून ती फक्त वजन उतरलेल्यांचीच करायची असं ठरलं होतं. वजन उतरलं की यकृत सुधारतंच, असा सगळ्यांचा हिशेब होता. मल्लिनाथराव हसत टेबलावर चढले. निकाल घेऊन आलेल्या इरफानला मात्र त्यांच्याकडे बघवेना. चरबी घटली होती. दाह वाढला होता.

"अकरा किलो उतरलो, साहेब," मल्लिनाथराव स्टुलावर बसून म्हणाले. "अजून किती उतरू, सांगा की." त्यांनी तोंड फिरवलं आणि ते मुकाट्यानं रडू लागले.

उत्तरा ऊर्जाकक्षात जाऊन कुमुदताईंच्या नोंदी पुन्हा काढून बसली. मागोमाग इरफान आला.

"हे बघ," ती म्हणाली. "कक्षात असताना बाई स्वस्थ बसलेल्या नाहीत. चादरींच्या घड्या घातल्या, काचा पुसल्या. हालचाल पूर्वीइतकीच. म्हणजे आळस नाही. तरी बेरीज वाढलेली नाही. मग कपात झाली कुठं?"

"कुठं?"

"झोपेत. हात-पाय स्थिर असताना जे आतलं काम चालतं, त्याचा खर्च उतरलाय. मल्लिनाथरावांचा जराही उतरलेला नाही." तिनं नोंदी मिटल्या. "इरफान, तुमच्या सोसायटीत पाणीकपात आली की आधी काय बंद होतं?"

"नळी लावून गाड्या धुणं."

"प्यायचं पाणी कुणी बंद करत नाही. आधी उधळपट्टी थांबते. शरीरातली सगळ्यात मोठी उधळपट्टी कुठली?"

"दाह," इरफान हळूच म्हणाला. "शत्रू नसताना चाललेली लढाई."

"मल्लिनाथरावांकडे मी कपात येऊच दिली नाही. नळ सोडूनच ठेवला. व्यायामाचा खर्च चरबीतून गेला, ते बारीक झाले आणि आतली आग खुशाल पेटत राहिली. आणि ज्या बाईच्या शरीरानं शहाणपणानं हात आखडला, तिला मी आळशी म्हटलं." कपाटातला तो डबा आठवून तिच्या अंगावर काटा आला. "आत्ताच्या आत्ता सगळ्यांच्या गोळ्या बंद. आणि कुमुदताईंची सुईची तपासणी कर."

"वजन उतरलेलं नसताना?"

"वजन गेलं खड्ड्यात."

निकाल आला तेव्हा कुमुदताई सायकलवरच होत्या. दोन्ही डॉक्टर एकदम आलेले बघून त्यांच्या मनात नको ते आलं. पाय मात्र थांबले नाहीत.

"तुमचं यकृत चालेल," इरफान म्हणाला. "चरबी थोडी आहे, तेवढी चालते. दाह औषधालासुद्धा उरलेला नाही. येत्या आठवड्यात शस्त्रक्रिया करू."

"पण माझं वजन?"

"आहे तेवढंच आहे."

"मग ह्या रोजच्या साडेतीनशे कॅलरी गेल्या कुठं?"

"त्या यकृतातल्या आगीच्या तोंडातून काढून घेतल्या तुमच्या शरीरानं," उत्तरा म्हणाली. "जळायला काही मिळालं नाही, म्हणून आग विझली. मी तुम्हाला बोलले ते चुकलं माझं, ताई."

कुमुदताईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. इतके दिवस आवरून धरलेलं रडू सायकलवर बसल्या बसल्याच वाहिलं.

मल्लिनाथराव बराच वेळ दारात उभे होते. ते ट्रेडमिलकडे गेले नाहीत. बायकोच्या शेजारच्या सायकलवर चढून बसले आणि पाय मारायला लागले.

"तुम्ही कशाला आता?" कुमुदताईंनी डोळे पुसत विचारलं.

"तुला घरी आणल्यावर भाकऱ्या कोण थापणार? अंगात जोर नको?" जरा वेळानं त्यांनी सवयीनं मान वाकडी केली. "किती झाल्या गं तुझ्या?"

कुमुदताईंनी रुमाल काढून सायकलच्या आकड्यावर टाकला.

"अन्विताला पुरतील एवढ्या," त्या म्हणाल्या.