एकदाच विचारणारा माणूस

डॉमिनिकची गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली, म्हणून तर सगळं झालं. मिनेसोटातला जानेवारी, सकाळचे नऊ, आणि हा न्यू जर्सीचा पठ्ठ्या बर्फात घसरणाऱ्या उन्हाळी टायरांवर शाळेत बँड शिकवायला निघालेला! मारिट हाल्वरसन रस्त्यावरचा बर्फ काढणारा ट्रक चालवायची. तिने साखळी लावून गाडी ओढून काढली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कॉफी घेणार?"

"घेणार की! दे!"

मारिट बघतच राहिली. पहिल्याच विचारण्याला... हो?

आता हाल्वरसनांच्या घरची तऱ्हा सांगायलाच हवी. त्यांच्याकडे कुणी काही देऊ केलं तर आधी "नको नको", मग "राहू दे, उगाच कशाला", आणि तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, एवढुसं." पहिल्यांदाच हो म्हणणारा हावरट, आणि तीनदा न विचारणारा दगडाच्या काळजाचा. आई दुखऱ्या गुडघ्यांनी बटाट्यांचं भांडं घेऊन बाबांपुढे तीन खेपा घालायची. छोटी मारिट ते बघायची आणि मनात म्हणायची, प्रेम प्रेम म्हणतात ते हेच.

पुढे मित्रही तिने तसलेच निवडले. आयनर सुताराबरोबर सहा वर्षं काढली. लग्नाचं आधी कुणी विचारायचं, या भिडेत दोघं बसले ते बसलेच. शेवटी तो गाव सोडून गेला, तेही तिला वाण्याकडे कळलं!

"आम्ही पाच भावंडं," डॉमिनिक कॉफी फुरकत सांगत होता. "ताट पुढे आलं आणि लाजलात, की गेलंच ते. बाय द वे — तुझे डोळे फार सुंदर आहेत."

"काहीतरीच!" मारिटचे कान लाल झाले. "टोपी घाल, गार वारा आहे."

हाल्वरसनांच्या हिशेबी हे जवळजवळ प्रेमपत्रच होतं.

मग रोज सकाळी तिचा ट्रक शाळेवरून जाताना हा फाटकात उभा राहून तुतारी फुंकायचा. ती उत्तरादाखल भोंगा वाजवायची. सगळं गाव खिडक्यांना नाकं लावून बघायचं आणि काही बघितलंच नाही असं दाखवायचं. बडबड्या माणसांचा तिला खरं तर वैताग यायचा... पण याची बडबड नसली की दिवस खायला उठायचा.

मार्चमध्ये चर्चच्या जेवणानंतर दोघं भांडी विसळत होते. डॉमिनिकने एकाएकी नळ बंद केला.

"मारिट, लग्न करशील माझ्याशी?"

तिचं काळीज टुणकन उडालं. पण तोंड? ते एकतीस वर्षं एकाच शाळेत शिकलेलं!

"छे रे, नको... उगाच कशाला त्रास."

आणि ती ताटली पुसत थांबली. आता दुसऱ्यांदा विचारेल... आता विचारेल... डॉमिनिक पांढराफटक पडला होता. "बरं," एवढंच म्हणून त्याने कोट उचलला आणि निघून गेला.

बाईसाहेब तीन दिवस वाट बघत बसल्या! चौथ्या दिवशी सकाळी बर्फ कोसळत असताना बाबा न्याहारीवरून मान वर न करता म्हणाले, "तो बँडवाला सामान भरतोय म्हणे. नोकरी सोडली." थोडं थांबून पुढे म्हणाले, "तुझ्या आईला मी पहिल्यांदाच हो म्हटलं असतं ना... तर तिचे गुडघे वाचले असते."

"ऐकू येतंय मला!" वरच्या खोलीतून आई ओरडली.

मारिटने तडक ट्रक काढला. डॉमिनिकच्या दारापर्यंत आली आणि अख्ख्या गल्लीचा बर्फ ढकलून तिने त्याच्या गाडीपुढे कमरेएवढी भिंत उभी केली.

तो धावत बाहेर आला. "वेड लागलंय का तुला? मला निघायचंय!"

"निघ ना. कसा निघतोस बघू!" ती खाली उडी मारत म्हणाली. "परत का नाही विचारलंस?"

"तू नको म्हणालीस!"

"एकदाच तर म्हणाले!"

डॉमिनिक हसला नाही. "मी आठ वर्षांचा होतो. पप्पा बॅग घेऊन निघाले. मी दारात उभा राहून विचारलं, राहाल का? परत परत विचारलं गं. ते गेले ते गेलेच. तेव्हापासून मी कुणालाही एकदाच विचारतो."

एवढा बोलका माणूस, आणि हे एकच गाठोडं त्याने कधी सोडलं नव्हतं. मारिटने घाबरून डोळे गच्च मिटून घेतले.

"मला तू हवा आहेस. तू विचारलंस तेव्हाही हवा होतास. राहशील?"

काहीच आवाज नाही. आयुष्यभर ती गप्प माणसांतच वाढलेली, पण आजची शांतता तिला सोसवेना.

"डॉम... राहशील?" तरी शांतता. आता तिचा आवाज फुटलाच. "राहशील का रे?"

"अगं, मघापासून मान हलवतोय मी!" तो रडतही होता आणि हसतही. "डोळे उघडून बघशील तर ना!"

तिने डोळे उघडले. त्याच्या पापण्यांवर बर्फ होता, नाक लालभडक झालं होतं आणि मान अजून हलतच होती.

"मग... झालं तर," ती पुटपुटली.

"झालं काय? मला आजवर कुणी राहा म्हटलेलं नाही," डॉमिनिक म्हणाला. "आणखी एकदा विचार."