फराटलेली सही

देश स्वतंत्र झाला तेव्हा तिजोरीत खडखडाट होता आणि सैनिक पगार मागत होते. राजधानीत, सांतो दोमिंगोत, घाईघाईने कागदी पेसो छापले गेले. नुसत्या छापील कागदावर कोण विश्वास ठेवणार, म्हणून प्रत्येक नोटेवर शाईची सही हवी होती. त्या कामावर माझा नवरा बासिलिओ नेमला गेला. अक्षर मोत्यासारखं, आणि कुणाला 'नाही' म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही.

तो डावखुरा. लिहिताना तळहाताची कड ओल्या शाईवरून जायची, म्हणून त्याच्या सहीची शेपटी नेहमी फराटलेली. कसावाच्या कंदाच्या भाकऱ्या विकणारी ग्रेगोरिया मला चिडवायची, "तोमासा, तुझ्या नवऱ्याने आजही सारवून ठेवलंय बघ!"

नोटांची किंमत उतरत गेली तसे गठ्ठे वाढले. झोपेतही त्याचा हात चादरीवर चालायचा. मी काम सोड म्हटलं की म्हणायचा, "मग उद्याचा गठ्ठा कोण संपवणार?" ईस्टरच्या आधी तो टेबलावर डोकं टेकून गेला. लिंबू आणि राख लावून मी त्याचा तळहात घासला, पण शाई निघाली नाही. नवव्या रात्री मृतासाठीची प्रार्थना संपवून त्याच्यासाठी घरात मांडलेली वेदी उतरवली आणि मोठ्याने सांगितलं, "जा आता. तुझं काम झालं." मला वाटलं, सुटला बिचारा.

चूल थांबत नाही. आमचा मुलगा अनसेल्मो बापाच्या खुर्चीवर बसला.

पावसाळ्यात ग्रेगोरियाने मला सुटे म्हणून एक नोट दिली. सही बासिलिओची होती, शेपटी फराटलेली.

"जुनी असेल," मी म्हटलं.

"जुनी कुठली? छावणीतून आजच आली. बोटाला लागतेय बघ शाई."

नोटेवर छापलेली तारीख जूनची होती, तो गेल्यानंतरची.

घरी येऊन अनसेल्मोला विचारलं, "बापाची सही करतोस?"

तो डोळे चोळत होता. किती वाळला होता पोरगा! "मी माझंच नाव लिहितो गं आई. संध्याकाळी गठ्ठा उलटून बघतो, तर बाबांचं असतं."

"सोड ती नोकरी. अर्धपोटी राहू."

"मग उद्याचा गठ्ठा कोण संपवणार?"



सकाळी मी दाराला आतून अडसर घातला. कचेरीत निरोप पाठवला, पोरगा तापाने फणफणलाय. त्याचे दोन्ही हात घासून स्वच्छ केले आणि त्याला झोपवलं. दिवसभर उशाशी बसून होते. हात हलले नाहीत. मी देवाचे आभार मानले.

दिवेलागणीला तो उठला. मी कॉफी पुढे केली.

त्याने डावा हात पुढे केला.

माझा अनसेल्मो सगळं उजव्या हाताने करतो.

कप रिकामा करून त्याने माझ्याकडे पाहिलं. "दमलो गं, तोमासा," म्हणाला.

त्याने कप खाली ठेवला. पांढऱ्या कडेवर ओली शाई फराटली होती.